‘इतर खर्च’ नावाची ओळ

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लाचेचा विषय निघाला की दोन मतं ठरलेली. एक, “तिकडं युरोपात असलं काही चालत नाही.” दुसरं, “तेही खातात, फक्त कोट घालून.” इकडं बर्मिंगहॅममधून बघताना दोन्ही अर्धवट वाटतात. जर्मनीत परदेशी अधिकाऱ्याला चारलेले पैसे १९९९ पर्यंत करातून वजा मिळायचे. त्याला नाव होतं ‘उपयुक्त खर्च’! पुढंही खोड गेली नाही, आणि २००८ मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीला अमेरिका व जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले. सोवळं कुणीच नाही. आता कागद तपासले जातात, एवढाच काय तो फरक.

ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा १ जुलै २०११ पासून लागू आहे. त्याचं सातवं कलम थेट कंपनीला धरतं. तिच्या वतीनं काम करणाऱ्यानं जगात कुठंही तिच्या धंद्यासाठी लाच दिली, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ चालत नाही. लाच रोखायची पुरेशी व्यवस्था होती हे कंपनीनंच सिद्ध करायचं. दंडाला वरची मर्यादा नाही. काम लवकर व्हावं म्हणून दिलेली चिरीमिरीही गुन्हाच.

नुसतं कास्टिंग विकणाऱ्याला हे कलम सहसा थेट लागत नाही. पण गिऱ्हाईक तेच बंधन करारात घालतं, वह्या तपासायचा हक्क लिहून घेतं, आणि आपल्याकडं ते पान न वाचताच सही होते. मग न्हावा शेवा बंदरात कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटाचं बिल येतं : कंटेनर हाताळणी, वाहतूक, एजन्सी फी आणि तळाला, समजा, ‘इतर खर्च २,५००’. पावती नाही. गिऱ्हाईकाच्या ऑडिटरचं पहिलं बोट तिथंच पडतं. रक्कम किरकोळ असू दे, दर कंटेनरला तोच गोल आकडा दिसला की त्याला कळायचं ते कळतं.

कस्टमला माल अडवायला जागा बऱ्याचदा आपणच करून देतो. पॅकिंग लिस्टवर ड्रॉइंगमधलं वजन टाकलेलं असतं, काट्यावर वेगळंच भरतं. एचएस कोड, म्हणजे मालाचा कस्टममधला वर्गीकरण क्रमांक, मागच्या बिलावरून उतरवलेला. त्यात ट्रक शेवटच्या दिवशी गेटवर पोचतो, आणि जहाज चुकायच्या धास्तीनं खिशात हात जातो. तेव्हा वजन प्रत्यक्ष करून घ्या, कागद दोन दिवस आधी एजंटाकडं द्या, आणि पावती नसलेल्या ओळीचे पैसे देणार नाही हे त्याच्या करारात लिहा. कमिशन तिसऱ्या देशातल्या खात्यावर मागणारा एजंट असेल तर व्यवहार तिथंच थांबवावा.

आणि आपला कायदाही आता मवाळ नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे : कस्टमसारख्या केंद्राच्या खात्यांसाठी सीबीआय, राज्याच्या खात्यांसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन नंबर. हे सात दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजायचे, ऑडिटर आल्यापासून नव्हे.