चुंबकाने बक्कल पारखू नका

‘जर्मन लष्करी बक्कल अस्सल की नकली, एका मिनिटात ओळखा’ असा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात चार कसोट्या आहेत. चुंबक चिकटलं तर अस्सल. मागे कारखान्याचं नाव नसेल तर नकली. ‘गॉट मिट उन्स’ लिहिलेलं असेल तर ते एसएसचं, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचं. आणि चिंच-मीठ लावून घासल्यावर रंग सुटला, तर नक्कीच नकली. मला हा मेसेज दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला. परवा तो साताऱ्याला माझ्या भाच्याकडे पोचला आणि त्याने घरातल्या बकलावर चारही प्रयोग करून बघितले.

आधी चुंबकाचं. चुंबक धातू सांगतं, वय सांगत नाही. जर्मन भूदलाचं गरुडाचं बक्कल 1936 साली आलं, तेव्हा ते अ‍ॅल्युमिनियमचं होतं. पोलादाची बकलं सर्रास दिसू लागली ती 1940-41च्या सुमारास, युद्ध पेटल्यावर. त्याआधीच्या कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातलं प्रशिया या जर्मन राज्याचं बक्कल पितळी, मधोमध पांढऱ्या धातूची चकती बसवलेली; पहिल्या महायुद्धात पितळेची टंचाई झाली तेव्हा तेही लोखंडी झालं. म्हणजे कैसरचं पितळी बक्कल आणि 1937चं अ‍ॅल्युमिनियमचं बक्कल, दोन्ही या परीक्षेत नापास. आणि गेल्या वर्षी पोलादी पत्र्यावर ठोकलेली नक्कल पास! विकणारा ‘पितळी आहे’ म्हणत असेल आणि चुंबक चिकटलं, तर तो खोटं बोलतोय, एवढा उपयोग मी मान्य करतो. त्यापलीकडे नाही.

चिंच-मिठाचा सल्ला ज्याने लिहिला त्याचा मला खरोखर राग आहे. परेडला चकचकीत दिसणारं बक्कल रणांगणावर लांबून चमकतं, म्हणून युद्धकाळात त्यावर करडा-हिरवा रंग चढवत. अ‍ॅल्युमिनियमवर तो फार घट्ट बसत नाही, ऐंशी वर्षांनी तर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे रंग सुटणं हा नकलीपणाचा पुरावा नाहीच. उलट कडांवर, पोटाला घासणाऱ्या जागी झिजलेला आणि खाचांमध्ये टिकलेला रंग हीच तर बघायची गोष्ट. आंबट लावून घासलं की ती गेली. आंबट-खारटाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं ते वेगळंच. घरची तांब्या-पितळेची भांडी आपण अशी घासतो, पण ती पुन्हा वापरायची म्हणून. इथे जो मळ तुम्ही काढता, तोच त्या वस्तूचा दाखला असतो.

‘गॉट मिट उन्स’ म्हणजे ‘देव आमच्यासोबत’. प्रशियाच्या सैनिकांच्या बकलावर हे शब्द 1847 पासून आहेत. हिटलरचा जन्म 1889चा. एसएसच्या बकलावर ‘माइने एरं हाइस्ट ट्रॉय’ असं वेगळंच वाक्य असे, आणि ‘गॉट मिट उन्स’ हे भूदलाचं. हवाई दलाच्या बकलावर तर उडता गरुड, अक्षरं नाहीतच. कैसरच्या काळात बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या पलटणींचं ब्रीद आणखी निराळं, ‘इन ट्रॉय फेस्ट’. सगळ्याला एसएसचा शिक्का मारून लोक दर चढवतात, म्हणून ही चूक साधी नाही.

कारखान्याच्या नावाबद्दल थोडंच सांगतो. ल्यूडेनशाइड या गावात बटणं-बकलांचे कितीतरी कारखाने होते आणि त्यांची नावं मागे किंवा बकलाला जोडलेल्या चामड्याच्या जिभेवर सापडतात, हे खरं. पण बिननावाची अस्सल बकलंही भरपूर आहेत, आणि नकली करणारा सगळ्यात आधी नावच ठोकतो. त्यापेक्षा मागची बाजू बघा. खरं बक्कल पत्र्यावर ठप्पा मारून केलेलं असतं, त्यामुळे पुढच्या गरुडाचा उलटा खळगा मागे स्पष्ट दिसतो. ओतीव नक्कल जाड असते, मागे सपाट किंवा बारीक छिद्रांची.

भाच्याचे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. टायबरच्या खोऱ्यात, सेनिओ नदीच्या काठी मराठे जर्मनांसमोर उभे होते. यशवंत घाडगे यांना 1944 साली आणि नामदेव जाधव यांना 1945 साली तिथल्याच लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथून एखादं बक्कल साताऱ्यात येणं अगदी शक्य आहे. नुसत्या शक्यतेने ते अस्सल ठरत नाही, पण मी त्या बकलाचा जुना फोटो पाहिलाय. दाणेदार पार्श्वभूमी, अ‍ॅल्युमिनियम, करडा रंग, मागे ठप्प्याचा खळगा, आणि चामड्याच्या जिभेवर कारखान्याचं नाव नि वर्ष.

चुंबक चिकटलं नाही म्हणून भाच्याने ते चिंचेत रात्रभर भिजवलं. रंग पूर्ण गेलाय. चामडं फुगून वाकडं झालंय, कारखान्याचं नाव लागत नाही. वर्षापैकी ‘193’ एवढंच उरलंय.