वहिनी, आता हे वय आहे का?

आत्ताच घरी आलेय. पैठणी अजून अंगावर आहे आणि ती बदलायच्या आधी हे लिहून काढतेय. साडी बदलली की माझा राग उतरतो, हा पन्नास वर्षांचा अनुभव आहे, आणि आज मला तो उतरू द्यायचा नाहीये.

राजेंद्र नगरात आमच्या ह्यांच्या आत्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ८१ दिव्यांनी ओवाळायचं ठरलं, दिवे मोजायचं काम माझ्याकडे. मोजले तर ७९. शेजारच्या घरातून दोन निरांजनं मागून आणली, तेल सांडलं, फुलवाती भिजल्या, एकंदरीत झकास कार्यक्रम. जेवणात मसालेभात, श्रीखंड, आणि इंदूर असल्यामुळे भुट्ट्याचा कीस. तो कीस तोंडात असतानाच आमचे एक भावजी ताट घेऊन शेजारी येऊन बसले. नाव घेत नाही. ते इथे माझ्या यादीत आहेत आणि हे वाचणार आहेत.

"वहिनी, फेसबुकवर तुमचं सगळं वाचतो हं."

मी खूश. आणखी कीस घेतला.

"पण आता हे वय आहे का? बाहत्तरी आली. लोक हसतात."

अहो भावजी, लोकांनी हसावं म्हणूनच तर लिहिते! रडवायचं असतं तर गॅसचं बिल नसतं का टाकलं?

पुढे ते म्हणाले, नामस्मरण करावं, चार चांगले विचार पाठवावेत. आता हे चार चांगले विचार म्हणजे काय, ते आमच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. रोज पहाटे एक गुलाब, गुलाबावर दव, दवावर सुविचार. त्यामागून हळदीच्या दुधाचे फायदे. त्यामागून कुणी कधी न म्हटलेलं वाक्य कुणा थोर माणसाच्या फोटोखाली. २०१८ साली व्हॉट्सअॅपने आपल्या देशात फॉरवर्डवर एका वेळी पाचाची मर्यादा घातली, तेव्हा भावजी पाच-पाचचे गठ्ठे करून पाठवू लागले. ही चिकाटी मला कबूल आहे. पण हे वयाला शोभतं आणि माझं शोभत नाही?

म्हणजे म्हाताऱ्या माणसाने दुसऱ्याचं पाठवलेलं पुढे ढकलावं, पोस्टमनसारखं. स्वतःचं पत्र लिहिलं की पोरकटपणा. दुसऱ्याचे गुडघेदुखीवरचे उपाय पाठवले तर काकू प्रेमळ, स्वतःच्या गुडघ्यावर विनोद केला तर काकूंना ताळतंत्र नाही. गुडघा माझा आहे हो!

ज्यावरून हे सगळं झालं ती दूधवाल्याची पोस्ट. नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगते, जुन्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. (गाळणार नाहीत, माहीत आहे.)

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, टाइप करायला मनाई. नातीने फोनवर बोलून लिहायचं शिकवलं. अहिल्याबाईंची पुण्यतिथी होती, म्हटलं गंभीर काहीतरी लिहावं, इंदुरात राहून तेवढं तरी केलंच पाहिजे. फोनसमोर बसून आवाज लावला आणि तेवढ्यात दारात दूधवाला. मी माइक बंद केला नाही, आणि चष्मा नसताना पोस्टचं बटणही दाबलं. छापून आलं ते असं:

"अहिल्याबाईंनी १७६७ पासून २८ वर्षं राज्य केलं कल से आधा लीटर कम कर दूं क्या माताजी राजधानी महेश्वरला नेली नहीं भिया पाव लीटर मेहमान चले गए घाट बांधले देवळं बांधली पानी मत मिलाना प्रजा सुखी होती"

फोनला स्वल्पविराम कळत नाही, आणि राणी कोण, दूधवाला कोण तेही कळत नाही. संध्याकाळपर्यंत २१४ हसरी तोंडं. बेंगळुरूहून मुलाचा फोन, "आई, आधी ती पोस्ट काढ." मी काढणारच होते, खरंच. पण खाली कुणीतरी लिहिलं होतं, "काकू, आज ऑफिसात फार वाईट दिवस होता, पहिल्यांदा हसले." मग नाही काढली. अहिल्याबाईंना राग आला असता असं मला नाही वाटत. दुधात पाणी घालणाऱ्यावर त्यांचाही राग असणारच.

आणि मी काही काल-परवा फेसबुकवर आलेली नाही, हेही सांगून ठेवते. २०११ साली मुलाने ब्लॉग काढून दिला होता. रोमनमध्ये टाइप करायचं, मराठी उमटायचं. वाचक चार. मुलगा, सून, मी, आणि मीच ह्यांच्या कंप्युटरवरून. हे वाचायचे नाहीत, मला वाचून दाखवायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे. हसू आलं तर फक्त पोट हलायचं, आवाज नाही. त्यामुळे पोटाकडे बघत वाचायची सवय लागली मला. कुठल्या वाक्याला हललं, कुठल्या वाक्याला नाही. तीच माझी लिहिण्याची शाळा.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दुपारी दोन ते चार ही वेळ काय असते, ते ज्याच्यावर आलंय त्याला विचारा. भांडी झालेली, संध्याकाळचा चहा लांब, घड्याळ भिंतीवर आहे की उशाशी असं वाटावं इतका त्याचा आवाज. त्या वेळात लिहिते मी. जप करायला बसले तर खरं सांगू, झोप लागते.

हो, मान्य. फोनपायी दोनदा वरण करपलंय. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉल करणारे भामटे आहेत, आणि 'डिजिटल अरेस्ट' असलं काही कायद्यात नसतं हे न कळल्याने माझ्या वयाची माणसं लुटली गेलीत. मान्य, मान्य. पण भामट्यांना भिऊन कुणी सराफ्यात रात्री खायला जायचं सोडलंय का?

पुण्याच्या एका बाई माझ्या प्रत्येक पोस्टखाली मराठी सुधारतात. "'माहीत पडलं' नव्हे, 'कळलं'." बाई, आमच्या इथे माहीत पडतं. दोनशे-अडीचशे वर्षं माळव्यात राहून ते आता असंच पडणार. फोनचा हिंदी कळफलक माझ्या 'काळे' आडनावाच्या मैत्रिणीला रोज 'काले' करतो, तिला तरी काही त्रास होत नाही, तुम्हाला कशाला? असो. विषय तो नाही.

विषय भावजी. आता लिहिता लिहिता एक गोष्ट बघितली आणि जरा थांबले. त्यांचे गुलाब वर सरकवून वेळा पाहिल्या. पावणेपाच. चार पन्नास. परवाचा चार वीस. आमच्या जाऊबाई गेल्या तेव्हापासूनचे सगळे पाहिले, एकही साडेपाचनंतरचा नाही. म्हणजे हा माणूस चारला उठून अंधारात बसतो, आणि पाच-पाच जणांना गुलाब पाठवत सुटतो, कुणीतरी जागं असेल म्हणून. आणि आम्ही सगळे न उघडताच डिलीट मारतो. मीसुद्धा. मी तर त्यांचा आवाज बंद करून ठेवलाय.

तो आता चालू केला. तेवढं केलं.

पण तरीही भावजी, तुम्ही बोललात ते चूकच. असं ताटावर बसलेल्या बाईला बोलायचं नसतं. माझा श्रीखंडाचा दुसरा डाव तुमच्यामुळे राहिला.

आणि हेही ऐका. निघताना आत्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून सगळं हॉलभर ऐकू जाईल असं बोलतात. माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, त्या दूधवाल्याचं पुढे काय झालं? नात वाचून दाखवते मला. मध्येच लिहायचं का थांबवलंस?" तुम्ही तेव्हा चपला शोधत होतात. ऐकलंत. मी पाहिलं तुम्हाला.

तर आत्या, पुढे असं झालं की त्याच्या मुलाने ती पोस्ट त्याला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी मोटारसायकल उभी करून, कॅनचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "देख लो माताजी, पानी नहीं है. अब ये भी लिख देना." लिहिलं. दूध खरंच चांगलं येतंय. पाव लीटर वाढवलंय.

भावजी, उद्याचा गुलाब आला आणि मला जाग असली तर उत्तर देईन, गुलाबाने नाही, लिहून. तुम्ही आजवर माझ्या प्रत्येक पोस्टवर नुसता अंगठा देत आलात, म्हणजे वाचून हसत असाल पण दाखवायचं नसेल, किंवा मग दुसरं कसं द्यायचं ते कुणी शिकवलं नसेल. हसरं तोंड २०१६ पासून आहे. अंगठ्यावर बोट दाबून धरायचं, लगेच सोडायचं नाही. ओळीने सात चिन्हं येतात. डावीकडून चौथं.