काकींचा अंगठा आणि पंचायतीतले बंद कपाट

आज सकाळी सव्वासातला मी माझ्या चुलत सासूबाईंना, म्हणजे आमच्या वाडीतल्या सगळ्यांच्या काकींना, घेऊन गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गेले होते. काकींचे वय ७८, दोन्ही गुडघे दुखरे, आणि सड्यावर जाणारी पाणंद कशी आहे हे देवगडकडच्या मंडळींना मी सांगायला नको. शिधापत्रिकेची ई-केवायसी, म्हणजे यंत्रावर अंगठा टेकवून ओळख पटवणे, राहून गेली तर धान्य बंद होईल, असा निरोप वाडीत फिरला होता. खाली रास्त भाव दुकानात अंगठ्याच्या यंत्राला रेंज मिळत नाही, म्हणून दुकानदाराने ते यंत्र वर नेऊन एका कातळावर मांडले होते. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. उलट तो रोज हे ओझे वाहतो. रांगेत वीसेक माणसे होती, त्यांतली बहुतेक साठी ओलांडलेली. काकींसाठी नातवाने घरातली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावरून आणली होती. त्या खुर्चीवर बसून त्यांनी पाच वेळा यंत्रावर अंगठा टेकवला. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. मग त्यांनी अंगठा पदराला पुसला, सहाव्यांदा टेकवला आणि माझ्याकडे पाहून विचारले, "गो बाय, माझो अंगठो बरो आसा मा?"

मला त्या क्षणापासून जो राग आला आहे, तो दुपारच्या जेवणानंतरही उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सड्यावरून खाली पाहिले की आमच्या ग्रामपंचायतीची इमारत स्पष्ट दिसते. त्या इमारतीत ग्रामसेवकांच्या टेबलामागे भिंतीला एक लोखंडी कपाट ठोकलेले आहे आणि त्या कपाटात जमिनीखालून आलेली, गावाला इंटरनेट देण्यासाठीची ऑप्टिकल फायबरची केबल संपते. आत यंत्रे आहेत, बॅटरी आहे, वर धूळ आहे. त्या यंत्रांचे दिवे लागलेले मी एकदाच पाहिले, जोडणी झाली त्या आठवड्यात. नंतर कुठेतरी केबल तुटली, ती कोणी जोडायची यावर पत्रव्यवहार झाला, आणि आता कपाटावर जन्म-मृत्यू नोंदणीची जुनी बाडे ठेवलेली असतात. तरीही सरकारी कागदावर आमची पंचायत 'जोडलेली' आहे. एकदा जोडली गेली की ती कायमची जोडलेली, असा काहीसा हिशेब असावा.

ही केबल ज्या सरकारी योजनेतून आली, तिचा इतिहास आठवून पाहा. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली, तेव्हा अंदाजे खर्च २०,००० कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षांची होती. पुढे सरकार बदलले, २०१५ मध्ये योजनेचे नाव 'भारतनेट' झाले, आणि पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सांगण्यात आले की हजार दिवसांत सहा लाख गावांपर्यंत फायबर पोहोचेल. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. ज्या कोकणात १९९० साली महामंडळ स्थापन होऊन १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी सह्याद्रीच्या पोटातून सातशेहून अधिक किलोमीटर लांबीची रेल्वे धावू लागली, त्याच कोकणात करंगळीएवढ्या जाडीची केबल एका तपानंतरही कपाटात मुकी पडून आहे. हे कोणत्या एका पक्षाचे पाप आहे असे मला म्हणायचे नाही, त्यामुळे कृपया खाली तो वाद सुरू करू नये.

आणि हा पैसा कोणाचा? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातला ५ टक्के वाटा ग्रामीण भागात सेवा पोहोचवण्यासाठी एका निधीत जमा होतो. २००२ पासून ही पद्धत आहे. निधीचे नाव पूर्वी 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी' होते, २०२४ पासून ते 'डिजिटल भारत निधी' झाले. कंपन्या हा वाटा स्वतःच्या खिशातून भरतात असे समजण्याइतके आपण कोणीच भोळे नाही. तो आपल्या रिचार्जमधून जातो. काकींचा साधा बटणांचा फोन आहे आणि मुंबईचा मुलगा त्यात न चुकता पैसे भरतो. म्हणजे ज्या रेंजसाठी काकी आज सड्यावर चढल्या, तिच्यासाठी त्या गेली कित्येक वर्षे दर महिन्याला वर्गणी देत आल्या आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी ग्रामसभेतही दोनदा मांडले आहे, की सरकार केबल पुरण्याचे पैसे देते, ती चालू ठेवण्याचे देत नाही. किती किलोमीटर खणले आणि किती पंचायती जोडल्या याची बेरीज होते, तिच्यावर बिले निघतात, कंत्राटदार पुढच्या तालुक्यात जातो. आपल्याकडच्या जांभ्यात नियमाप्रमाणे १.६५ मीटर खोल चर खणणे म्हणजे काय असते, हे ज्याने घराच्या पायासाठी चिरे काढले आहेत त्यालाच ठाऊक. त्यामुळे अनेक ठिकाणी केबल हातभर खोलीवरच झोपते. मग रस्त्याचे रुंदीकरण येते, नळयोजनेचा चर येतो, पावसात दरड येते. खणण्यापूर्वी एकमेकांना कळवावे म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप काढले, पण आमच्याकडे जेसीबी चालवणाऱ्या मुलाला मी त्याबद्दल विचारले तेव्हा तो नुसता हसला. त्यातून पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पंचायतीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच सरळ ओळ टाकलेली, म्हणजे वाटेत एका जागी फावडे लागले की त्यापुढची सगळी गावे अंधारात.

इथे मला आमच्या जुन्या लाइनमनची आठवण होते आणि थोडे मऊ व्हायला होते. घरोघरी काळे फोन होते त्या काळात आमच्या चार गावांना मिळून एक लाइनमन होता. वादळ होऊन गेले की दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर तारेचे भेंडोळे घेऊन चालत यायचा, माडाची झावळ कुठल्या खांबावर पडली आहे ते वाडीतल्या पोरांना विचारायचा आणि काम झाले की काकींच्या पडवीत बसून कोकमाचे सरबत प्यायचा. फोन तेव्हाही बंद पडत होते, महिना महिना बंद राहत होते, हे कबूल. परंतु तो बंद आहे हे कोणाला सांगायचे, हे आम्हाला माहीत होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, खांब आडवे झाले, कितीतरी दिवस वीज नव्हती आणि मोबाइल नुसते खिशात होते, तेव्हा कोणाला शोधायचे हेच कळेना. आज त्या कपाटाचा लाइनमन कोण, या प्रश्नाला पंचायतीत उत्तर म्हणून एक दूरध्वनी क्रमांक मिळतो आणि तो उचलणारा माणूस दुसऱ्या राज्यात बसलेला असतो.

सुधारित योजनेत या चुका ओळखलेल्या दिसतात, हे मला मान्य करावे लागेल. सरळ ओळीऐवजी आता कडे करायचे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील, दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच, बॅटरीची सोय, आणि केबल किती वेळ चालू राहिली त्यावर कंत्राटदाराचे पैसे. वाचून बरे वाटले. पण ती चालू होती की नाही हे ठरवणार कोण? दूर कुठल्यातरी कार्यालयातला पडदा ठरवणार असेल, तर त्या पडद्यावर आमचे कपाट हिरवे दिसायला वेळ लागणार नाही. माझी मागणी साधी आहे. महिन्यात किती दिवस सेवा चालू होती हे पंचायतीच्या फलकावर खडूने लिहावे आणि ग्रामसभेने त्याखाली सही केल्याशिवाय देखभालीचे बिल निघू नये.

याच योजनेत आणखी एक वाक्य आहे, ज्याने माझा पारा पुन्हा चढतो. पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना 'मागणी आल्यास' जोडणी मिळेल. घाटावरच्या गावात पंचायतीभोवती गाव असते. तिथे पंचायतीपर्यंत केबल आली की निम्मे काम झाले. आमच्याकडे एका पंचायतीत अकरा वाड्या, मधे वहाळ, डोंगर आणि गडगे, आणि शेवटची वाडी साडेचार किलोमीटरवर. ती तर स्वतंत्र गाव म्हणूनही मोजली जात नाही! तिची मागणी कोणी करायची? आणि ती मागणी ऑनलाइनच नोंदवायची असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

"आता सगळीकडे फोरजी आले, फायबर कशाला हवे?" असे पुण्या-मुंबईचे नातेवाईक गणपतीत येऊन विचारतात. आले आहे, रस्त्याकडेच्या वाड्यांत चांगले चालते, बाजारात खासगी केबलवाल्यांचे फायबरही आहे, आणि विरळ वस्तीत एकेका घरामागे खर्च जास्त येतो हेही खरे. मात्र तेच नातेवाईक चतुर्थीला आले की एका टॉवरवर दहापट फोन होतात आणि आरतीचा फोटोसुद्धा जात नाही. शिवाय त्या टॉवरलाही मागून फायबरच लागते.

मी शिक्षिका होते. २०२० च्या टाळेबंदीत माझी नववी-दहावीची मुले अभ्यासासाठी याच सड्यावर, याच कातळांवर छत्र्या घेऊन बसत असत. तेव्हा वर्तमानपत्रांत अशा मुलांचे कौतुक छापून आले आणि मीही मूर्खासारखे ते कौतुक पुढे पाठवले. कौतुक करण्याऐवजी तेव्हाच ओरडायला हवे होते. ती मुले आज मुंबईत नोकरीला लागली आणि त्याच कातळांवर आता त्यांच्या आज्या बसल्या आहेत.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. ते प्रकरणही केवायसीचेच होते. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना डिजिटल केवायसी करता येत नाही, अशी तक्रार होती. काकींना मी हे सोप्या भाषेत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की मग तांदूळ कधी मिळणार.

दहा वाजेपर्यंत बसून रांगेतल्या सात जणांचे काम झाले, काकींचे नाही. रेंज आली तेव्हा यंत्राने अंगठा नाकारला. साठ वर्षे भात लावून, शेण सारवून, आंब्याच्या पेट्या भरून त्या अंगठ्यावर रेषा उरणार तरी किती? दुकानदार म्हणाला, "काकी, वायच खोबरेल लावून ठेवा रात्री, फाल्या परत बघूया."

तेव्हा उद्या सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा वर जाणार आहोत. सड्यावर कच्च्या वाटेने जीप जाते, पण वाडीत सध्या जीप कोणाकडे नाही. खालच्या गावातून कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर आज रात्रीच घरी येऊन सांगावे. फोन लागेलच असे नाही. काकींची खुर्ची आम्ही वरच ठेवून आलो आहोत.