सेमीकोलन म्हणजे नवी ओळ, हे विधान अपुरे आहे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात संगणक शिकणाऱ्या मुलांमध्ये एक विधान सतत पुढे पाठवले जाते: "सेमीकोलन (;) म्हणजे नवी ओळ. अटीसकट कितीही ओळी सेमीकोलनने जोडा, अर्थ बदलत नाही, आणि हा नियम सगळ्या स्क्रिप्टिंग भाषांत सारखाच आहे." मच्छीमार सोसायटीच्या किंवा आंबा पेट्यांच्या हिशेबाच्या छोट्या स्क्रिप्टा आता हीच मुले लिहितात, म्हणून हे विधान नीट तपासले पाहिजे.

"अर्थ बदलत नाही" हा भाग पायथॉन या भाषेत सरळ चुकीचा ठरतो. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात डिझेलवाटप थांबवायचे आहे, पण वहीतली नोंद मात्र वर्षभर रोज करायची आहे, असे समजू. पहिल्या ओळीत इफ बंदी: डिझेल_थांबवा() आणि खालच्या ओळीत, समास न सोडता, रोजची_नोंद() असे लिहिले, तर काम बरोबर होते. (इफ, म्हणजे 'जर', यांसारखे भाषेचे राखीव शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, संगणकावर ते रोमन लिपीतच लिहावे लागतात.) त्याच ओळी जोडून इफ बंदी: डिझेल_थांबवा(); रोजची_नोंद() असे केले, की नोंदही अटीच्या आत जाते, कारण कोलननंतर त्या ओळीत सेमीकोलनने जोडलेली सगळी विधाने पायथॉन त्या अटीचीच मानतो. परिणामी दहा महिने वही कोरी राहते आणि त्रुटीचा एकही संदेश दिसत नाही. हे जोडणे उलट बाजूनेही चालत नाही: आधी साधे विधान, मग सेमीकोलन आणि त्यापुढे इफ असे लिहिले, तर पायथॉन ती ओळ वाक्यरचनेची चूक म्हणून नाकारतो.

"सगळ्या भाषांत सारखाच" याचे उत्तर बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर आज्ञा लिहिण्याच्या भाषेत, मिळते. बंदी_आहे && डिझेल_थांबवा; रोजची_नोंद ही ओळ दिसायला वरच्यासारखीच आहे, पण इथे नोंद रोज होते, कारण आधीची आज्ञा यशस्वी झाली तरच पुढची चालवणाऱ्या && ची पकड सेमीकोलनपाशी संपते. दोन्ही आज्ञा अटीत हव्या असतील, तर त्या महिरपी कंसात घ्याव्या लागतात, आणि बंद होणाऱ्या कंसाआधीही सेमीकोलन द्यावा लागतो. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये आज्ञा & या चिन्हाने जोडतात, आणि तिथे इफच्या ओळीतली & नंतरची आज्ञाही पायथॉनप्रमाणे अटीच्या आतच राहते. बॅशमध्ये मात्र तेच चिन्ह आधीची आज्ञा पार्श्वभूमीत पाठवते.

राहिला "सेमीकोलन म्हणजे नवी ओळ" हा मूळ भाग. बॅशमध्ये दोन आज्ञांच्या मध्ये तो खरा आहे, आणि हे विधान इतके पटते ते बहुधा त्यामुळेच. इफची अट आणि देन ('तर') एका ओळीत लिहिताना मध्ये सेमीकोलन द्यावाच लागतो, कारण देन हा शब्द आज्ञेच्या जागी आला तरच बॅश त्याला ओळखतो, नाहीतर तो आधीच्या आज्ञेला दिलेला साधा शब्द ठरतो. पण देननंतर नवी ओळ चालते आणि सेमीकोलन चालत नाही. तिथे वाक्यरचनेची चूक येते. म्हणजे ज्या भाषेतून हा नियम उचलला, तिथेही तो पूर्ण लागू होत नाही.

याच विधानाला जोडून अ && ब || क हे इफ-एल्सचे (अट अ खरी तर ब, नाहीतर क) लघुरूप म्हणून सांगितले जाते. तेही मान्य करता येत नाही, कारण || हे चिन्ह आधीचे अपयशी ठरले की पुढचे चालवते, म्हणून अट खरी असूनही ब अपयशी ठरला, तर क चालतोच. डिझेलवाटप थांबवण्याची आज्ञा काही कारणाने फसली आणि || नंतर वाटप सुरू करण्याची आज्ञा असली, तर ऐन बंदीत वाटप सुरू होईल. अशा ठिकाणी इफ, देन, एल्स, फाय (इफचा शेवट) असे पूर्ण रूपच लिहावे.