स्टार नीलम घ्यायचाय? मग काही म्हणजे काही विचारू नका!

नीलम घ्यायला निघताना पत्रिका बरोबर ठेवा. पत्रिका नसेल तर निदान रास तरी पाठ करून जा. ‘मला हा खडा नुसता आवडतो, त्यातला सहा किरणांचा तारा बघायला मजा येते,’ असलं काही काउंटरवर बोलू नका. मी गेल्या महिन्यात बोललो. शेठजींनी चष्म्यावरून असं पाहिलं, की माझी साडेसाती तिथल्या तिथे सुरू व्हावी.

खडा बघायचा तो दुकानातल्या दिव्यांखालीच. छतात ओळीने झगझगीत दिवे लावलेले असतात, वर शेठजी मोबाइलचा टॉर्च धरतात. एवढ्या उजेडात मरतुकडा ताराही उठून दिसतो. खड्याच्या पोटात रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया असतात, तीन दिशांना, एकमेकींशी ६० अंशांत. त्यांच्यावरून परतणारा प्रकाश म्हणजे हा तारा. एकाच दिव्याखाली खडा हळूहळू हलवला की तारा खड्याच्या घुमटासारख्या माथ्यावर सरकतो, सहाही पाय धड आहेत की एखादा लंगडा आहे ते कळतं, तारा मधोमध आहे का तेही कळतं. मग तोच खडा खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात नेला, की तारा विझतो आणि खड्याचा खरा रंग समोर येतो. म्हणूनच सांगतो, खिडकीकडे जाऊ नका. मी उठलो तर लगेच, ‘साहेब, माल बाहेर नेता येत नाही.’ खिडकी दुकानाच्या आतच होती.

मागताना मात्र कंजूषपणा नको. रंग गडद निळा मागा, खडा स्वच्छ आरपार मागा, तारा लखलखीत मागा आणि भाव कमी मागा. मागितलं की मिळतं. १९४७ पासून मिळतंय. त्या वर्षी अमेरिकेतल्या लिंडे कंपनीने भट्टीत बनवलेले स्टार नीलम आणि स्टार माणिक बाजारात आणले. तारा एकदम रेखीव, सहाही पाय थेट कडेपर्यंत. निसर्गाला एवढी शिस्त नाही. ज्या सुयांमुळे तारा दिसतो, त्याच खड्याला दुधाळही करतात, त्यामुळे गर्द रंग आणि ठसठशीत तारा एकाच अस्सल खड्यात भेटणं दुर्मीळ, आणि भेटला तर त्याचा भाव ऐकून आपणच दुधाळ व्हायचं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३ कॅरेटचा ‘स्टार ऑफ इंडिया’सुद्धा राखाडी-निळाच आहे. (तो सापडला श्रीलंकेत. आपला संबंध नावापुरता.)

खडा उलटा करू नका. खाली उगाच सोडलेलं ढेरपोट दिसतं, ताऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण पैसे त्याचेही त्याच भावाने. इथे ज्योतिषाचे आभार मानायला हवेत: नीलम कातडीला टेकला पाहिजे म्हणून कोंदण मागून उघडं ठेवतात, त्यामुळे अंगठीत बसवलेल्या खड्याचीही पाठ बघता येते. बघतं कुणी नाही, तो भाग वेगळा.

वजन रत्तीत विचारा. जुन्या हिशेबाने रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, रत्नांच्या बाजारात १८२ च्या आसपासची. कॅरेट बिचारा सगळीकडे २०० मिलिग्रॅमच, त्यात कसली मजा?

‘काश्मीरचा आहे’, म्हणजे सगळ्यात नावाजलेल्या खाणीतला, म्हणाले तर मान डोलवा.

आता मुख्य मुद्दा. ‘अनहीटेड.’ म्हणजे रंग खुलवायला भट्टीत न तापवलेला. हा शब्द कानावर पडला की समाधान पावा, पुरावा मागू नका. शेठजी स्वतःच पटवून देतात: ‘साहेब, तापवला असता तर तारा राहिला असता का? तारा आहे म्हणजे अनहीटेडच.’ अर्धं खरं आहे. १६०० अंश सेल्सियसच्या वर नेलं की सुया विरघळतात आणि तारा जातो. पण उरलेलं अर्धं कोण सांगणार? कमी आचेवर, सुया शाबूत ठेवूनही खडा तापवता येतो. बाहेरून टायटॅनियम लावून भट्टीत ठेवला, तर ज्या खड्यात तारा नव्हताच त्याच्या कातडीखाली तो उगवतो. आणि लिंडेचे खडे? ते तर जन्मालाच भट्टीत आले. त्यांनाही तारा आहे. मग तेही अनहीटेड का?

एवढं विचारल्यावर कार्ड निघालं. लॅमिनेट केलेलं, होलोग्राम चिकटवलेलं, खड्याच्या फोटोसकट. ‘नॅचरल सफायर’, वजन, माप, रंग, सगळं होतं. तापवण्याबद्दल? तळाशी बारीक अक्षरात, प्रक्रियेबद्दल मत दिलेलं नाही. अहो, ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही भाव कित्येक पट चढवून सांगताय, नेमक्या तिच्यावर तुमचं कार्ड तोंडात गुळणी धरून बसलंय! ‘नॅचरल’ म्हणजे जमिनीतून निघाला, बस्स. तापवलेलाही जमिनीतूनच निघतो. रिपोर्टवर ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ हे वाक्य असावं लागतं, आणि ते तपासून लिहिणाऱ्या प्रयोगशाळा काही मंगळावर नाहीत. जयपूरची १९७२ पासून चालू आहे. मुंबईतही आहेत. म्हटलं, फी मी भरतो, तुमचा माणूस बरोबर द्या, खडा त्याच्याच हातात राहू दे. तर म्हणे, ‘तसं आमच्याकडे होत नाही. हा विश्वासाचा धंदा आहे.’

आणि लगेच पुढच्या श्वासाला, ‘हवं तर तीन रात्री उशीखाली ठेवून बघा ना! वाईट स्वप्नं पडली तर आणून द्या, पूर्ण पैसे परत.’

म्हणजे माझ्या झोपेवर विश्वास आहे, सूक्ष्मदर्शकावर नाही. खिडकीपर्यंत न जाणारा माल माझ्या उशीखाली जायला तयार आहे! स्वप्नात सापाने फणा काढली तर खडा खोटा, आणि गाढ झोप लागली तर अनहीटेड?

पुरे झाला हा उपरोध. वांगी घेताना तुम्ही देठ बघता, एक किडकं निघालं तर भाजीवाल्याशी भांडायला परत जाता. आणि लाखाच्या खड्यापुढे हात जोडून उभे राहता, का, तर शनी कोपेल! शनीला मानायचं तर माना, पण शनीने भिंग वापरायला बंदी केलेली नाही. तुम्ही विचारत नाही, म्हणून विचारणारा माणूस त्यांना भांडकुदळ वाटतो. त्या काउंटरवर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मुलाची नोकरी गेली म्हणून आलेल्या. त्यांनी खडा हातातसुद्धा घेतला नाही, नुसता कपाळाला लावायला मागितला. अशा माणसाला तापवलेला, टायटॅनियम फासलेला माल अस्सल म्हणून विकायचा?

तापवलेला नीलम विकणं हा गुन्हा नाही. सांगून विका, त्याच्या भावाने विका, घेणारे घेतील. पण तोंडाने दहा वेळा ‘अनहीटेड’ म्हणता ना, मग तेच बिलावर लिहा: नैसर्गिक स्टार नीलम, न तापवलेला, इतके कॅरेट, आणि खाली सही. मी तेवढंच मागितलं. त्यांनी पुढे केलेल्या बिलावर होतं, ‘कलर स्टोन, १ नग.’ याच्यावर लाखभर रुपये मागायला लाज कशी वाटत नाही हो?