मारिओ, मेस्त्री आणि मी साइडला

परवा खोटी मिशी चिकटवलेल्या एका पोरानं मला सगळ्यांसमोर "काका, तुम्ही साइडला थांबा" म्हणून सांगितलं, तो राग अजून उतरलेला नाही. मिशी डाव्या बाजूनं सुटलेली, डोक्यावर लाल टोपी, अंगात निळी डंगरी, म्हणजे हा व्हिडिओ गेममधला मारिओ. आणि हा मारिओ मला सांगतोय की पिवळ्या ठोकळ्यावर बुक्की मारायचा अधिकार फक्त १२ वर्षांखालच्यांना. अरे बाळा, तुझा जन्म व्हायच्या आधी आमच्या बेळगावच्या खडेबाजारातनं आणलेल्या टीव्ही गेमवर, कॅसेटमध्ये फुंकर मारमारून मी हे ठोकळे फोडलेत. त्या कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले असायचे आणि आत तेच ते चार-पाच, पण निदान "साइडला थांबा" म्हणणारं कोणी नव्हतं. लाइट जायची तेवढीच.

तर झालंय असं की शहराबाहेर एक थीम पार्क निघालंय, नाव लिहीत नाही, वकील परवडायचा नाही. त्यात ह्या मेमध्ये मारिओचा विभाग सुरू झाला. मारिओ असं कुठंही लिहिलेलं नाही, टोपीवरचं अक्षरसुद्धा खाऊन टाकलंय, त्यावरनं परवानगीचं काय ते समजून घ्या. कोल्हापूरचा भाचा आलेला. त्यांची शाळा जूनच्या मध्यावर उघडणार आणि आमच्या पोरीची मे संपता संपताच, म्हणजे दोघं एकत्र सापडायचे दिवस हेच, आणि हा हिशेब सगळ्याच घरांत झालेला असल्यामुळं पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या कोल्हापूरच्या एमएच ०९, निम्म्या आमच्या केए २२. सीमावाद गेटवर मिटला, पैसे दोघांकडनं सारखेच घेतले.

बोर्ड वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत. मराठी औषधालाही नाही. पण "सुट्टे द्या की, पाचशे मोडायला नाहीत" हे मात्र खिडकीतनं स्वच्छ मराठीत आलं. राहू दे, ह्या विषयावर घसरलो तर मारिओ राहील बाजूला.

आता मला एवढा राग का, तर खरं प्रकरण काय आहे ते मी यूट्यूबवर बघून बसलोय. मारिओचे गेम काढणारी निन्टेन्डो आणि थीम पार्कवाली युनिव्हर्सल ह्यांनी २०१५ मध्ये हातमिळवणी जाहीर केली, आणि जपानात ओसाकातलं मारिओचं पार्क, सुपर निन्टेन्डो वर्ल्ड, कोविडमुळं पुढं ढकलत ढकलत १८ मार्च २०२१ ला उघडलं. मग २०२३ मध्ये हॉलिवूड, २०२५ मध्ये ऑरलँडो. तिथं मनगटाला बँड बांधायचा, त्याचे पैसे वेगळे, आणि मग भिंतीवरच्या ठोकळ्यांवर बुक्की मारली की कॉइनचा आवाज येतो आणि हिशेब मोबाइलवर जमा होतो. आणि तिथं चांगली पन्नाशीची जपानी माणसं ऑफिसातली बॅग पाठीला लावून उड्या मारमारून बुक्क्या घालतायत, त्यांना कोणी काका म्हणत नाही!

बरं, अशा धुमसत्या अवस्थेत मी रांगेत उभा, तर पुढं ओळखीची टाळू दिसली.

"मेस्त्री?"

"आयला, सर! तुम्ही पण?"

हे आमचे प्लंबर. आमच्या टाकीचा बॉलकॉक गेलाय. गल्लीत राकसकोप धरणाचं पाणी येतं कधी तर मध्यरात्री, आणि आलं की टाकी भरून वाहतं ते थेट शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, जिथं मे महिना असल्यामुळं कुरडया, सांडगे असा त्यांचा वर्षाचा संसार वाळत पडलेला. मेस्त्रींना फोन केला की एकच उत्तर, "वाटेवर हाय सर, येऊलालोच." त्या दिवशी सकाळीही तेच. खोटं म्हणता येणार नाही, माणूस वाटेवर होता, वाट तेवढी वेगळी होती.

"पोरं ऐकंनात सर. म्हटलं ह्यास्नी सोडतो आणि सरळ तुमच्याकडंच येतो," एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि समोरच्या फायबरच्या पुतळ्याकडं बोट केलं. "ह्यो कोण म्हणायचा?"

"मारिओ. प्लंबर आहे."

"कोण प्लंबर?"

"हाच. जगातला सगळ्यात प्रसिद्ध."

मेस्त्रींनी त्याला खालनं वर बघितलं. रांग दोन पावलं सरकली, हे हलेनात.

"पाना कुठाय?"

"पाना नसतो त्याच्याकडं."

"हातमोजे पांढरे. पांढरे मोजे घालून गटारीत हात कोण घालतंय सर?"

मी समजावलं की हा १९८१ मध्ये पहिल्यांदा गेममध्ये आला तेव्हा सुतार होता, माकडानं पळवलेल्या बाईसाठी शिड्या चढत होता. शिगेरू मियामोतो म्हणून जपानी माणसानं काढला. १९८३ च्या गेममध्ये जमिनीखालचे पाइप दाखवायचे होते म्हणून त्याला प्लंबर केलं. आणि नाव तर निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं.

"आमचं बी तसंच की. अगोदर गवंड्याच्या हाताखाली होतो." मेस्त्रींचा स्वर जरा मऊ झाला. "मग काम काय करतोय?"

"राजकन्येला सोडवतो. कासवांवर उड्या मारतो. हिरव्या पाइपातनं खाली जातो."

"पाइप किती इंची?"

"मेस्त्री, मला काय माहीत!"

"न्हाई, माणूस जातोय म्हणजे बघा, चोवीस तरी पाहिजे. सिमेंटचा असंल. आणि नळ?"

"चाळीस वर्षांत नळ दुरुस्त करताना मी तरी बघितला नाही."

मेस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग आमच्यातलाच हाय की!"

मागच्या बाई खो खो हसल्या. मी हसलो नाही, मला कुरडया दिसत होत्या. तरी सूड म्हणून मी सांगितलं की हॉलिवूडच्या पार्कात मारिओ कार्टची राइड आहे, तिथं कंबर ४० इंच किंवा वर असली तर बसता येईलच असं नाही, सूचनाच लावलीय. मेस्त्रींनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं, मग पुतळ्याच्या पोटाकडं, आणि म्हणाले, "म्हंजे ह्यालाच घेणार न्हाईत."

एवढ्यात रांग थांबली. पोरं ज्या हिरव्या पाइपातनं आत घसरत होती त्याचा जोड सुटला होता. स्पीकरवर कन्नड, हिंदी, इंग्रजीत दिलगिरी, रांगेत मराठीत शिव्या. मिशीवाला पोरगा सेलोटेप घेऊन आला. सेलोटेप बघितल्यावर मात्र मेस्त्रींना राहवेना. "सर, जरा पोरांकडं बघा," म्हणून गेले, स्कूटरच्या डिकीतनं पाइप रेंच, क्लॅम्प आणि वायर घेऊन आले (म्हणजे सामान सोबत होतं! सुट्टीच्या दिवशी! आणि माझ्याकडं मात्र हा माणूस नुसता वाटेवरच!) आणि पाइपाखाली झोपून, चहा थंड व्हायच्या आत जोड आवळून मोकळे.

मॅनेजरनं हात जोडले. मेस्त्री, त्यांची बायको, दोन पोरं, चौघांना बँड फुकट. आणि मग तो चाळिशी उलटलेला, गुडघ्यांना माती लागलेला माणूस दोरीच्या आत जाऊन त्या ठोकळ्यावर बुक्की मारतो, टिंग करून कॉइनचा आवाज येतो, आणि मला ओरडून म्हणतो, "सर, लई भारी हाय!" मी दोरीबाहेर. हातात सहा चपला, दोन पाण्याच्या बाटल्या. मिशीवाल्याला विचारलं, ह्यांना कसं सोडलं? तर म्हणे, "ते स्टाफ."

बँडचं म्हणाल तर तो कशालाच जोडलेला नाही. ठोकळ्याच्या मागं साधा बेलचा खटका, आणि कॉइन एक मुलगी वहीत लिहून घेत होती. गेममध्ये १०० कॉइन जमले की एक लाइफ फुकट मिळायची. इथं पोरगं पडलं की पुन्हा शंभराची नोट. ओसाकात म्हणे मशरूमच्या थीमचा कॅफे आहे, म्हणून इथंही 'मशरूम मंचुरियन'. आत गोबी. मार्च २०२४ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली ती बातमी इथवर पोचायची असावी, भाच्याची बोटं दुसऱ्या दिवशीही लाल होती. ताईनं फोनवर मलाच झापलं. मारिओच्या गेमची ती ट्यून तर दिवसभर फाटक्या स्पीकरवर. कोजी कोंडोनं केलेली ती ट्यून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगांत घेतली, गेमच्या संगीताला असा मान पहिल्यांदाच. इथं मधेच थांबवून "केए २२ पांढरी स्विफ्ट, गाडी काढा" सांगतात.

पोरं खूश होती, हे मान्य. त्यांना ओसाका माहीत नाही.

काल रात्री पुन्हा पाणी आलं. काकू सकाळी दारात उभ्या, हातात सांडग्यांचा लगदा, तोंडानं काही बोलल्या नाहीत, लगदाच दाखवला. मी तिथंच त्यांच्यासमोर मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी उचलला, आणि मागं, फाटक्या स्पीकरवर, तीच ट्यून.

"मेस्त्री, कुठं आहात?"

"वाटेवरच हाय सर."

"केए २२ काळी स्प्लेंडर, गाडी काढा," स्पीकर म्हणाला.

"ट्रॅफिक लई हाय बघा," मेस्त्री म्हणाले.