खरी गंमत चार बटणांत

'टेकन 3' या मारामारीच्या व्हिडिओ गेमवरच्या तुमच्या लेखात त्याचं सगळं यश ग्राफिक्सच्या खात्यात टाकलंय, ते काही पटलं नाही. 1994च्या पहिल्या भागापासून नामको या जपानी गेम कंपनीनं प्रत्येक हाताला आणि पायाला वेगळं बटण दिलं होतं. 1997च्या तिसऱ्या भागात बाजूला सरकणं सगळ्याच पात्रांना सोपं झालं आणि खेळ खुलला. नाशिकरोडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एवढा विचार कोण करतो म्हणा! एडी गोर्डो हा लढवय्या घ्यायचा आणि लाथांची दोन्ही बटणं बडवत सुटायचं. कापोएरा या ब्राझीलच्या युद्धकलेतल्या त्याच्या गिरक्यांपुढे भलेभले आडवे. शेवटी 'एडी घ्यायचा नाही' असा नियमच झाला, तरी पोरं भांडायचीच. आणि जॅग्वारच्या मुखवट्यातल्या किंग या पैलवान पात्राबद्दल लेखात चकार शब्द नाही? त्याच्या उचलून आपटण्यावर तर अर्धी गर्दी जमायची.